मेंढ्या मिठात उतरल्या होत्या

नवीन जालना
गुरुवार, भर दुपार (दुकानाचं शटर अर्धं ओढून)

तीर्थरूप दाजींना गोरक्षनाथचा साष्टांग नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला इकडील सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. ते कितपत खरं धरायचं हे पत्र संपल्यावर तुम्हीच ठरवा. तुमचा गुडघा कसा आहे? अक्काची रक्तदाबाची गोळी चालू आहे ना? (तिला जरा बरं वाटलं की ती गोळी बंद करते आणि ते कोणाला सांगत नाही. डबी उघडून बघत जा.) मोसंबीला पाणी पुरतंय का? आमच्याकडे सौ. रेणू ठीक आहे, म्हणजे परवापासून माझ्याशी बोलत नाही, पण तब्येतीनं ठीक आहे. प्रांजलीबद्दल खाली सविस्तर लिहितो.

तुम्ही म्हणाल, खिशात मोबाईल असताना गोरखला पत्राची हौस कुठून आली. हौस नाही. फोन मी केला होता, आणि एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळेस तो तुमच्या मातोश्री तुळजाआईंनी उचलला आणि माझा आवाज ओळखून "राँग लंबर" म्हणून ठेवून दिला. (शब्द 'नंबर' असा आहे. पण तो सांगायच्या आत फोन कटला.) आणि समजा तुम्ही उचलला असता, तरी सवयीप्रमाणे 'थोडक्यात सांग' म्हणाला असता. ही गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी नाही. थोडक्यात सांगितली तर सगळा दोष माझ्यावर येतो. सविस्तर सांगितली तर तो दोन-चार जणांत वाटला जातो. म्हणून पत्र. बबलू मोसंबी बाजारात उतरवून रिकामा टेम्पो घेऊन पिंपळगावला निघेल, त्याच्या हाती देतो. त्याच्यासमोर फोडू नका. त्याच्या कानावर गेलेली गोष्ट टेम्पोच्या आधी घनसावंगीला पोचते.

आणखी एक. हे पत्र तुम्ही इतर कोणाला दाखवलं तरी माझी हरकत नाही, कारण यात शुद्धलेखनाची एकही चूक सापडणार नाही. सापडली तर कळवा. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस, पण ब्रशनं पाट्या रंगवायच्या काळापासून ते आजच्या 'शुद्ध टायपिंग व झेरॉक्स'पर्यंत, 'आशिर्वाद' असं लिहिलेली एकही लग्नपत्रिका माझ्या हातून बाहेर पडलेली नाही. ('आशीर्वाद'. शी दीर्घ.) संगणक कोणी शिकवला नाही, व्याकरण कोणी शिकवलं नाही, शब्दकोश विकत आणला आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचला. कॉलेजची पोरं प्रकल्प टाईप करायला आणतात, त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी न सांगता आणि न आकारता काढून देतो. हे सगळं आत्मस्तुतीसाठी लिहीत नाही. पुढं लागणार आहे म्हणून लिहितो.

तर मुद्दा. आपल्या प्रांजलीला बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेचं हॉल तिकीट मिळालेलं नाही.

बसा. पाणी प्या. ती नापास झालेली नाही, हे आधी लक्षात घ्या. तिच्या नावापुढे 'अपूर्ण' असा शिक्का पडला आहे, आणि नापास आणि अपूर्ण यांत जो फरक आहे तो मला आता इतका पाठ झाला आहे की मी त्यावर व्याख्यान देऊ शकेन. नापास झालेल्याला पुन्हा बसता येतं. आजारपणानं गैरहजर राहिलेल्याला अर्ज करता येतो. पण विद्यापीठाचा नियम असा आहे की ज्याचं वर्षभरातलं अंतर्गत काम पूर्ण नाही, त्याला सत्राच्या परीक्षेला बसताच येत नाही. म्हणजे त्याला नापास व्हायचासुद्धा अधिकार नाही. तो मधल्या मधे लटकतो आणि पुढच्या वर्षी धाकट्या पोरींच्या बाकावर जाऊन बसतो. हा नियम मला आधी फार आवडायचा. माझ्या दुकानात येऊन प्रकल्पावर मागची तारीख टाकून मागणाऱ्या कितीतरी पोरांना मी हाच नियम ऐकवून परत पाठवलं आहे.

तिला आमच्याकडे सोडताना तुम्ही ओट्यावर बसून जे बोललात ते मी विसरलेलो नाही. एका दमात बी.ए. झालं तर पुढं शिकू दे, कुठं अडकलं तर त्याच उन्हाळ्यात सोयरीक. तीही विसरलेली नाही. तिला एम.ए. करायचंय, आणि तिच्या साधना मॅडमसारखं कॉलेजात शिकवायचंय. तसं ती तुम्हाला बोलली नसेल, आम्हालाही बोलली नाही, रेणूला बोलली. तीन वर्षं पोरगी एकदाही कुठं अडकली नाही. आणि आता दोन दिवस झाले, ताटावर बसते, भाकरीचा एक तुकडा मोडते, तो हातातच धरून ठेवते आणि उठून जाते. रडली असती तर समजूत काढता आली असती.

आता हे घडलं कसं. शेवटच्या सत्राला प्रत्येकाला एक प्रकल्प असतो. हिनं विषय घेतला : कुंभार पिंपळगाव परिसरातील मेंढपाळांची बोली. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बोलतं करायचं आणि ते लिहून आणायचं. तुळजाआई तरुणपणी मेंढरांमागं पार गोदावरीच्या काठानं फिरलेल्या, त्यांच्याहून चांगला माणूस कोण? दिवाळीच्या सुट्टीत ही त्यांच्याजवळ बसली. तुळजाआई मोबाईलसमोर बोलेनात ("यंत्राकडं पाहून बोलाया मी काय येडी हाय?" म्हणाल्या म्हणे), म्हणून हिनं त्या बोलतील तसं भराभर पेन्सिलनं लिहून घेतलं. ते कागद टाईप करायला माझ्याकडे आले. ही नेमकी त्या आठवड्यात कॉलेजच्या शिबिराला टेंभुर्णीला गेल्ती, प्रकल्प द्यायची मुदत संपत आलेली, म्हणून सगळी जबाबदारी माझ्यावर. आणि जबाबदारी घेतली की मी ती अर्धवट घेत नाही.

कागद वाचले आणि मला घाम फुटला. एक वाक्य धड नाही. ही भाषा विद्यापीठात जाणार, खाली आपल्या घराण्याचं नाव जाणार. मी रबर घेतला. पेन्सिलच्या ओळी एकेक करून पुसल्या आणि त्याच जागी शाईनं, वळणदार अक्षरात, शुद्ध मराठीत लिहून काढल्या. मग टाईप केल्या, बांधणी केली, वर सोनेरी अक्षरात नाव घातलं आणि स्वतः नेऊन दिला. पेन्सिलनं लिहिलंय याचा अर्थच मी असा घेतला की दुरुस्तीला जागा ठेवली आहे. तुम्हीच सांगा, नाहीतर माणूस पेन्सिल कशाला वापरतो.

परवा साधना मॅडमनी पालकांना बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मला वाटलं, इतका नेटका प्रकल्प त्यांनी आयुष्यात पाहिला नसेल, टाईप कोणी केला हे विचारायला बोलावलं असेल. प्रांजली भिंतीला टेकून उभी होती, खाली बघत. मॅडमनी बसा म्हटलं, प्रकल्प उघडला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि एकदम शांत आवाजात विचारलं, "गोरक्षनाथराव, मेंढ्या मिठात कशाला उतरल्या होत्या?"

मी ओळ वाचली. 'मेंढ्या मिठात उतरल्या होत्या.' तुळजाआईंचं मूळ वाक्य होतं, मेंढरं लवणात उतरल्ती. मी सांगितलं, मॅडम, लवण म्हणजे मीठ, शब्दकोशात पहिलाच अर्थ तो आहे, आणलाय मी सोबत. (आणला होता. पिशवीत होता.) त्या म्हणाल्या, शब्दकोश राहू द्या, तुमच्या गावाकडे लवण कशाला म्हणतात? आता दाजी, मला काय माहीत न्हाई का लवण म्हणजे काय? रस्ता खाली जातो, पाणी साचतं, हिरवं राहतं, त्या सखल जागेला लवण म्हणतात. तुमच्या गावाच्या अलीकडंच आहे एक. माझा बाप उन्हाळ्यात तिथंच मेंढरं पाण्यावर न्यायचा आणि मी त्याच्या मागं पळायचो. पण टाईप करताना समोर शब्दकोश उघडा होता, लवण समोर नव्हतं.

मॅडमनी पान उलटलं. 'सायंकाळी कोकरांना वाघिणीत कोंडले.' इथं मूळ होतं, कोकरं वाघरीत कोंडली. वाघर म्हणजे मेंढरांच्या वाड्याला लावायची जाळी, हे तुम्हाला सांगायला नको, आणि मलाही सांगायला नको होतं, आमच्या घरी ती खुंटीला टांगलेली असायची. पण शब्दकोशात तो शब्द मला सापडला न्हाई, मंग मी समजलो की पोरीनं घाईत अक्षर खाल्लं. वाघ होता, ईकार होता, मी मधला 'र' काढून 'ण' घातला आणि 'घ'ला वेलांटी दिली. मॅडमनी विचारलं, कोकरं वाघिणीत कोंडली तर सकाळी किती उरली? पुढच्या पानावर तुळजाआई सांगत होत्या की पाटलाच्या वावरात मेंढरं बसवली, म्हणजे खतासाठी. तिथं मी 'रात्रभर मेंढ्यांना शेतात आसनस्थ केले' असं लिहिलं होतं. ते वाचून मॅडमनी प्रकल्प मिटवला.

मी म्हणालो, मॅडम, एखाद्याची भाषा सुधारून दिली तर तो काय गुन्हा झाला? त्या म्हणाल्या, "तुम्ही सुधारली न्हाई, पुसली. मला आजी पाहिजे होती, तुम्ही मला शब्दकोश आणून दिला. आजी न्हाई तर काम अपूर्ण." मूळ कागद तरी दाखवा म्हणाल्या. मूळ कागद म्हणजे तेच, ज्यांवर मी रबर फिरवला होता. मी ते उजेडात धरून पाहिले, तिरके धरून पाहिले. माझा रबर चांगल्या प्रतीचा असतो.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं असं रेणू म्हणाली, आणि त्यानंतर बोलायची बंद झाली. पण मी तिथून कार्यालयात गेलो. तिथं मच्छिंद्र म्हणून क्लार्क आहेत. बाहेर सूचना फलकावर तो नियम लावलेला, मोठ्या अक्षरात : 'अंतर्गत काम अपूर्ण असणाऱ्यास परिक्षेस बसता येणार नाही.' 'परिक्षेस'. रि ऱ्हस्व. दाजी, बुडणाऱ्याला फळी दिसावी तसं मला झालं. मी खिडकीशी जाऊन मुद्दा मांडला : परीक्षा दीर्घ असते, 'परिक्षा' नावाची कोणतीही गोष्ट मराठीत अस्तित्वात न्हाई, तेव्हा या नियमानं प्रांजलीला फार तर 'परिक्षे'ला बसता येणार न्हाई, परीक्षेला बसायला काही अडचण न्हाई. मुद्दा बिनतोड होता. मंग मी, त्यांची सोय म्हणून, खिशातला लाल पेन काढून फलकावरची रि दीर्घ करून दिली.

मला वाटलं होतं, काम होईल. मच्छिंद्रभाऊ खिडकीतून बाहेर आले, त्यांनी फलक पाहिला आणि म्हणाले, "मामा, तुमच्यासारख्यासाठीच याला काच लावायची होती, खर्चा मंजूर झाला न्हाई." मी म्हणालो, मुदतवाढ तरी द्या. ते म्हणाले, त्यालाही सबळ कारण लागतं, आणि ठरलेली तीनच आहेत : विद्यार्थ्याचं गंभीर आजारपण, घरातला मृत्यू, नैसर्गिक आपत्ती. मी म्हणालो, इथं तर मामानं प्रकल्प दुरुस्त केला, हे कशात बसवायचं? ते म्हणाले, "नैसर्गिक आपत्तीत घाला."

रांगेतली सगळी पोरं हसली. कोणीतरी ते मोबाईलवर घेतलंही. मी पण हसलो असतो, पण मागं वळून पाहिलं तर प्रांजली उभी होती, तिची मैत्रीण तिला बाजूला ओढून राह्यली होती आणि ती जागची हलत नव्हती. मला म्हणाली, मामा, चला घरी. एवढंच. आजवर तिनं मला उलट बोललेलं न्हाई, त्या वेळी बोलली असती तर फार बरं वाटलं असतं. त्यातून फलकाची गोष्ट प्राचार्यांपर्यंत गेली. ज्या मुलीचा पालक विद्यापीठाची सूचना रंगवतो तिला सवलत कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. आता मी काय रंगवायला गेल्तो का? मी दुरुस्त करायला गेल्तो. पण हा फरक सांगायला आत जायला निघालो तर मॅडमनीच मला दारात अडवलं आणि हात जोडले. दाजी, इतक्या शिकलेल्या बाईनं माझ्यासमोर हात जोडले, आणि ते मी आत जाऊ नये म्हणून.

मंग त्या एकट्या आत गेल्या. आम्ही दोघं मामा-भाची बाहेर जिन्यावर बसून राह्यलो. बराच वेळ. आत कधी आवाज चढायचा, कधी एकदम गप्प व्हायचं, आणि गप्प झालं की प्रांजली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, बोट पांढरं पडेपर्यंत. मी तिला म्हणालो, काळजी करू नको. ती म्हणाली, बरं. ज्या माणसाला चुकीच्या जागी अनुस्वार दिसला तरी गप्प बसवत न्हाई, तो मी, पोरीसमोर एक शब्द फुटंना.

मॅडम बाहेर आल्या त्या शिफारस घेऊनच. सोमवारपर्यंत मुदत मिळाली, कार्यालय बंद व्हायच्या आत. अट अशी : आजीचं बोलणं पुन्हा घ्यायचं, ते तिच्या तोंडचं जसंच्या तसं असलं पाहिजे, प्रांजलीच्याच अक्षरात, खाली आजीचा अंगठा. सोमवारी आलं तर हॉल तिकीट. न्हाई आलं तर वर्ष गेलं. मॅडम मला म्हणाल्या, आणि या वेळी दुरुस्ती नको.

असं सगळं आहे. दोष कोणाचा, यावर मी फार विचार केला. थोडा शब्दकोशाचा आहे, थोडा पेन्सिलीचा आहे, थोडा त्या शिबिराचा आहे. उरलेला माझा धरा. तुम्ही रागावणार हे मला ठाऊक आहे, पण रागावायचं ते माझ्यावर रागवा. पोरीनं तिचं काम पूर्ण केल्तं. अपूर्ण मी केलं.

अक्काला नमस्कार सांगा. तुळजाआईंना सांगू नका, त्या परत पाठवतील.

तुमचा आज्ञाधारक,
गोरक्षनाथ

ता. क. : मुख्य गोष्ट राहिली. रविवारी अंबडकडची मंडळी प्रांजलीला पाहायला येणार असं अक्कानं रेणूला सांगितलं होतं, आणि रेणूनं (बोलत होती तेव्हा) मला. तुम्ही पोरीला अजून सांगितलेलं दिसत न्हाई. त्या मंडळींना कृपा करून पुढची तारीख द्या. परीक्षा अडकली हे कारण देऊ नका; मोसंबीला पाणी द्यायचं आहे असं सांगा, ते खरंही आहे. रविवारचा अख्खा दिवस तुळजाआई आणि त्यांची नात, दोघींना एका जागी निवांत बसायला पाहिजे. पाहुण्यांसमोर त्या बोलणार न्हाईत, आणि नटून बसलेल्या पोरीला लिहिता येणार न्हाई. एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं. बाकीचं तुम्ही वाचलं नसतं तरी चाललं असतं.

ता. क. दुसरा : आत्ताच प्रांजलीनं अक्काच्या मोबाईलवर फोन लावून तुळजाआईंशी बोलणं केलं. बोलायला तयार आहेत, पण अट घातली. प्रांजलीनं ती मला जशीच्या तशी लिहून दिली, ती मी जशीच्या तशी उतरवतो : "आंधी त्या गोरख्याला म्होरं बशीव, तोंडात सुपारी धरून. माजं बोलणं सरंस्तवर सुपारी भाईर निघाली न्हाई पाह्यजे." मला मान्य आहे. सुपारी इकडूनच आणतो. फक्त भाजकी चालेल का तेवढं विचारून ठेवा, माझी दाढ दुखते.

ता. क. तिसरा : पाकीट बंद करायच्या आधी चूक राहिली का पाहायला पत्र प्रांजलीला दिलं. माझं लिहिलेलं मी कधी कोणाला तपासायला देत न्हाई, पण आज माझा माझ्यावर भरोसा राहिला नव्हता. ती वाचत गेली, आणि तुळजाआईंच्या मिठापाशी आल्यावर तिच्या तोंडावर हसू आलं, परवापासून पहिल्यांदा. मंग तिनं पेन्सिल घेतली आणि खाली रेघा ओढत गेली. गेल्ती. न्हाई. मंग. राह्यली होती. गेल्तो. केल्तं. पाहून मला घाम फुटला. वर मी काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंच आहे. मी लाल पेन काढला. तिनं माझं मनगट धरलं.

"मामा, हात लावू नका. हे आता माझं आहे."

मंग तिनं या पत्राची झेरॉक्स काढायला लावली, मलाच, माझ्याच मशीनवर. आजीचं बोलणं नमुना पहिला, आणि हा नमुना दुसरा : वय अठ्ठेचाळीस, शिक्षण स्वतःचे स्वतः. मॅडमला फोन करून विचारलं तर त्या म्हणाल्या, घेऊन या, फक्त मामांना त्याच्यापासून लांब ठेवा. पोरगी त्यानंतर जेवायला बसली. तेव्हा चुका सापडल्या तर कळवा असं जे मी वर लिहिलंय, ते सोडून द्या. सापडल्या तरी कळवू नका.

रविवारी पहिल्या गाडीनं आम्ही दोघं येऊन राह्यलो. स्टँडपर्यंत येत न्हाई. अलीकडंच, लवणात उतरतो.